टोर्नोच्या धक्क्यावरचा दोर

सकाळी तुम्ही इथे उतरलात आणि बोट परत निघाली, तेव्हा धक्क्यावरची एक म्हातारी कप्तानावर ओरडत होती. तुमच्यातल्या दोघांनी फोन काढून चित्रण केलं, एकाने, या टिकेकरांनी, मला विचारलं, हिचं तिकिटावरून वाजलं का? नाही. ते भांडण नव्हतं. स्वीडनच्या या बेटावरून, या टोर्नोवरून, डेन्मार्ककडे जाणारी कुठलीही बोट शिव्या खाल्ल्याशिवाय निघत नाही. बोटीचा दोर इथे खलाशी सोडत नाहीत. तो बेटावरची बाई सोडते, आणि सोडण्याआधी कप्तानाला चारचौघांत खडसावते. कप्तान निमूट ऐकून घेतो. त्याचा हुकूम बोटीवर चालतो, दोरावर चालत नाही.

मी शालन परब. माहेर वेंगुर्ल्याचं. नर्स म्हणून या देशात आले, इथल्या एका मासेमाराशी लग्न केलं आणि या बेटावरच म्हातारी झाले. ही हकिकत मला माझ्या सासूने सांगितली, तिला तिच्या सासूने. शांतपणे सांगायची असते म्हणतात, पण मला ती कधी शांतपणे सांगता आलेली नाही. टिकेकर, घड्याळ बघू नका. बोट उशिरा का सुटते तेच सांगते आहे.

फार पूर्वी, असं सांगतात, या बेटावर पोटाला पुरेल एवढं पिकत नव्हतं. पानगळ सुरू झाली की समुद्रात हेरिंग मासळी यायची. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची थोरली बहीण म्हणा. पलीकडे डेन्मार्कच्या किनाऱ्यावर तिचे ढीग पडायचे, आणि ती चिरायला, मीठ लावून पिंपांत रचायला टोर्नोच्या बाया होडीने जायच्या. सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, तरी मिठाने हात फाटायचे ते फाटायचेच. हंगाम संपला की त्याच होडीने परत. होडी होती आस्मुंड नावाच्या तांडेलाची, ती हाकायचाही तोच. जहागीरदाराने त्याच्या घराण्याला ती एका अटीवर दिली होती, की बेटाचं माणूस परक्या किनाऱ्यावर टाकून यायचं नाही.

त्या बायांमध्ये गुनिला नावाची एक तरुण विधवा होती. तिची मुलगी कारीन नुकती रांगायला लागलेली. तिला सासूजवळ, बकरीच्या दुधावर आणि पेजेवर ठेवून गुनिला गेली होती. कुणी म्हणतं, एवढ्याशा पोरीला टाकून आई गेलीच कशी? न जाऊन काय करणार होती? हंगाम चुकला असता तर हिवाळ्यात त्या पेजेलाही दाणा मिळाला नसता.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आस्मुंडची होडी बायांना न्यायला आली. नेमका त्याच वेळी जहागीरदाराचा कारभारी, त्याची बायको आणि त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी तिकडे खरेदी केलेलं सामान तिथल्या धक्क्यावर येऊन उभं राहिलं. म्हणे कारभारणीने नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, या मासळीच्या बायाही आमच्याबरोबरच बसणार का? आस्मुंडने आधी त्यांचं सामान चढवलं. बाया शेवटची पिंपं बंद करून उतारावरून खाली यायला लागल्या, तेव्हा त्याने आपल्या हाताने दोर सोडला.

बाया पळाल्या. हात वर केले, चिंध्या हलवल्या. पण हाक कुणी मारली नाही. का, ते तुम्हाला समजावून सांगायला नको. निघालेल्याला मागून हाक मारू नये, हे जसं आपल्याकडे, तसंच इथल्या दर्यावर्दी घरांत. निघालेल्या होडीला हाक मारली तर ती घरी पोचत नाही, असं या बायांना लहानपणापासून शिकवलेलं. होडीत शेजारपाजारची माणसं होती. खुद्द आस्मुंडची बायको बेंग्ता तान्हा मुलगा घेऊन बसली होती, ती पलीकडे मीठ घ्यायला आलेली. ती माणसं बुडू नयेत म्हणून या बाया तोंड मिटून उभ्या राहिल्या. त्यांना टाकून जाणाऱ्याच्या जिवाची काळजी त्याच करत होत्या. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे.

आस्मुंडची बाजू घेणारे अजून भेटतात. तो दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला येणार होता म्हणे. असेलही. पण त्या रात्री उत्तरेचा वारा सुटला आणि मधल्या पाण्यात बर्फाच्या लाद्या भरल्या. चालत जाता येईल इतका बर्फ नाही, वल्हं मारता येईल इतकं पाणी नाही. आकाश निवळलं की पलीकडून टोर्नोवरच्या चुलींचा धूर दिसायचा. गुनिला रोज किनाऱ्यावर येऊन आपल्या घराचा धूर ओळखायची आणि मग पोटासाठी मिळेल त्या कामाला लागायची. एक दिवस तो धूर दिसला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिथून पुढे बर्फ फुटेपर्यंत आपली पोर जगली की मेली, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

बर्फ फुटला आणि आस्मुंड होडी घेऊन आला. अंगात नवा कोट होता, कारभाऱ्याने दिलेला. गुनिलाने त्याला एवढंच विचारलं, "आम्ही दिसलो होतो ना?"

"कुणी हाक मारली नाही," आस्मुंड म्हणाला. "मारली असती तर वळलो असतो."

चोर तो चोर, वर शिरजोर.

बेटावर पाय ठेवताच ती घराकडे धावली. घर गार पडलेलं. सासू हिवाळ्यातच गेली होती. शेजारीण म्हणाली, पोर आहे, बेंग्ताकडे आहे. बेंग्ताने तिला आपल्या मुलाबरोबर अंगावर पाजून जगवलं होतं. गुनिला तिच्या दारात गेली आणि हात पुढे केले. कारीन आता चालू लागली होती. तिने या खाऱ्या वासाच्या बाईकडे पाहिलं आणि बेंग्ताच्या घागऱ्यात तोंड लपवलं. मागे आस्मुंड उभा होता. तो म्हणाला, "उपकार मान. माझ्या घरात वाचली."

उपकार. इथवर आली की माझी सासू थुंकायची, मगच पुढचं सांगायची.

गुनिला मागे वळली. ती तडक धक्क्यावर आली. होडी पुन्हा पलीकडे निघायच्या तयारीत होती. तिने बोटांना गुंडाळायच्या, कमरेला खोचलेल्या चिंध्या काढल्या, एकीला एक जोडल्या आणि होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला त्या चिंध्यांनी करकचून बांधला. मग गेल्या हंगामात गिळलेली हाक तिने मारली. ती डेन्मार्कच्या किनाऱ्यावर ऐकू गेली असं सांगतात. आस्मुंडला, त्याच्या बापजाद्यांना, त्याच्या वल्ह्यांना आणि नव्या कोटाला तिने शिव्या घातल्या. बायामाणसांच्या तोंडी कधी न आलेल्या शिव्या होत्या म्हणे. आल्या नसतील असं मला वाटत नाही, कुणी ऐकल्या नसतील. शेवटी ती म्हणाली, "पाहिलं होतं, असं म्हण. तोवर ही होडी हलायची नाही."

आस्मुंडने गाठ सोडायला घेतली, सुटेना. सुरी लावली तर सुरीची धार गेली. कुऱ्हाड घातली तर पातं दांड्यातून निसटून पाण्यात पडलं. मासळीचं मीठ पिऊन त्या चिंध्यांचा दगड झाला होता, असं सांगतात. माझं मत विचाराल तर एव्हाना गावातल्या सगळ्या बाया येऊन त्या दोरावर बसल्या असतील, आणि कुऱ्हाड उगारायची कुणाची छाती झाली नसेल. पण चमत्कार मोडीत काढणारी मी कोण? होडी मात्र जागची हलली नाही. कारभाऱ्याचे निरोप आले, धमक्या आल्या. पाद्री येऊन गुनिलाला क्षमेबद्दल सांगून गेला. आस्मुंडकडे जाऊन कुणी त्याला खरं बोल म्हणून सांगितलं नाही. त्याचं आपलं एकच पालुपद, कुणी हाक मारली नाही.

मग बेंग्ता आली. एका कडेवर तिचा मुलगा, दुसऱ्या कडेवर कारीन. नवऱ्याकडे न बघता ती सगळ्या गावासमोर म्हणाली, "त्याने पाहिलं होतं. मीही पाहिलं. यांचे हात दिसत होते. मी त्याला थांब म्हटलं नाही. कारभारीण शेजारी बसली होती, मला या बायांची लाज वाटली."

बायको बोलून गेल्यावर मग त्या पुरुषाने टोपी काढली आणि पायांकडे बघत म्हटलं, "पाहिलं होतं." गुनिलाने गाठीला बोट लावलं आणि ती सुटली.

पण त्या एका शब्दाने झालेलं काही बदललं नाही. कारीन आईच्या घरी राहायला आली आणि दोघींनाही आई म्हणू लागली. वीज कडाडली, स्वप्नात दचकली, की मात्र ती गुनिलाच्या कुशीतून उठून बेंग्ताच्या दाराकडे पळायची. गुनिला मागोमाग जायची, पोर आत गेलेली बघायची आणि परत फिरायची. हाक मारायची नाही.

आजही टोर्नोच्या बोटीचा दोर मागे राहणारी बाई सोडते. शिव्या आपापल्या भाषेत द्यायची मुभा आहे, मी मालवणीत देते. 'मेल्या, मागे कोण रवला ता बघलंस काय?' इथून सुरुवात करते, पुढचं तुम्ही ऐकालच. त्या संपल्या की कप्तानाने टोपी काढून धक्क्यावरच्या एकेका माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'पाहिलं.' या दुपारच्या बोटीचा कप्तान नवा आहे. त्याला वाटतं ही पाहुण्यांसाठी ठेवलेली गंमत आहे. हसत हसत काहीतरी पुटपुटतो आणि इंजिन सुरू करतो. आज दोराची पाळी माझी आहे. तो नीट बघून नीट म्हणेपर्यंत मी दोर सोडणार नाही. हो, टिकेकर, तुमचं विमान आहे, मला ठाऊक आहे. चुकलं तर चुकलं. विमान दुसरं मिळतं.