पापणीच्या काठची नाव

एका राज्यात शूरध्वज नावाचा राजा होता आणि मंजिरा ही त्याची राणी. लग्नात राजानं तिला हत्ती-घोडे दिले नाहीत, एक ओळ दिली: ‘पापणीच्या काठी नाव बांधून ठेवली.’ म्हणजे काय, तर तुझीच वाट बघत होतो. हत्ती काय, कुणाकडेही असतात. ओळ आपल्या एकटीची, असं राणीला वाटे.

एके सकाळी बागेतली साळुंकी तीच ओळ बोलली.

“कुठं ऐकलीस?”

“साळिणीच्या हातमागावर, राणीसाहेब. कोळ्याच्या होडीत. डोंगरावरच्या जोगिणीपाशी.”

राजानं ओळ तीन दारी वाटली, असं राणीनं धरलं, आणि ती तडक मांत्रिकाकडे गेली.

“ही ओळ ज्यानं ज्यानं उच्चारली, त्याची वाचा जावो.”

“जाईल. पण शापाला डोळे नसतात, बाई.”

दुपारपर्यंत साळुंकी मुकी झाली, अर्धं नगर मुकं झालं. राजानं राणीला हाक मारायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

राणी उलट्या पावली मांत्रिकाकडे फिरली. “सोडव.”

“मला बांधता येतं, सोडवता येत नाही. ओळ कुणाची, ते तिघांना विचार.”

साळिणीचा धनी तीन वर्षं गलबतावर होता. ओळ कुठून आली म्हणून विचारताच तिनं आईच्या जुन्या मागाकडे बोट दाखवलं. कोळ्यानं बापाच्या वल्ह्याकडे. जोगिणीनं एक शिळा दाखवली. तिच्यावर ओळ होती. खालचं रचणाऱ्याचं नाव राजाच्या पणज्याच्याही आधी झिजून गेलं होतं.

राणी शिळेपाशी बसून राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, आपली वाचा शाबूत आहे. का, तर तिनं ती ओळ कधी म्हटलीच नव्हती. नुसती कुलपात ठेवली होती.

ती साळिणीच्या उंबऱ्याशी परत आली. म्हटली तर आपलीही वाचा जाईल, हे तिला कळत होतं. जाईल तर जाईल. तिनं साळिणीचा हात धरला आणि तिच्या धन्याच्या नावानं म्हणाली, “पापणीच्या काठी नाव बांधून ठेवली.”

“चाल चुकली, राणीसाहेब,” साळीण म्हणाली. “‘नाव’पाशी जरा थांबायचं.”

राणीनं ओळ कुलपातून काढून दुसरीला दिली, तसा शाप सुटला. राज्यभर एकच गलका झाला. राजा धावत वेशीपर्यंत आला.

“ओळ म्हटलीस म्हणे. कुणासाठी?”

“साळिणीच्या नवऱ्यासाठी.”

राजाचं तोंड एवढंसं झालं.

“बघा आता,” राणी म्हणाली, “कसं लागतं ते.”

राजाचा रुसवा दिवेलागणीपर्यंत टिकला. तुमचा त्याआधी निवो.