माळझरीच्या पुस्तकांचे माहेरपण

पत्र आले तो मंगळवार अगदी साधा होता, असे सांगतात. प्राचार्य उजागरे कॉलेजच्या मागच्या वाफ्यात वांग्याची रोपे लावत होते. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण गिरजाबाई अंबाडीची भाजी निवडत होती. पोस्टमनने पत्र दिले, तेव्हा उजागऱ्यांचे हात मातीने भरलेले होते, म्हणून पोस्टमननेच ते फोडून वाचून दाखवले. त्यामुळे माळझरीत ती बातमी सर्वांत आधी पोस्टमनला कळली, आणि प्राचार्य हात धुऊन येईपर्यंत अर्ध्या गावाला.

आज आपण ज्याला लूथरन विद्यापीठ म्हणतो, ते तेव्हा सातपुड्याच्या या सोंडेवरचे कौलारू कॉलेज होते. इंटरपर्यंतचे वर्ग, दगडी प्रार्थनामंदिर, दोन वसतिगृहे, बस. पदवीचे वर्ग उघडू द्यावेत म्हणून उजागरे सात वर्षे अर्ज करत होते. त्या वर्षी इंटरला चौदा जण होते आणि त्यांत पाच मुली. मुलगे पुढे शिकायला घाट उतरून शहरात जात. मुलींना मात्र कोणी पाठवत नसे. त्यांचे शिक्षण इथेच थांबे आणि उन्हाळ्यात लग्ने ठरत. उजागऱ्यांनी त्या पाच जणींना शब्द दिला होता की पुढच्या वर्षी तुमचा वर्ग इथेच भरेल.

पत्रात लिहिले होते की तपासणी समिती पुढच्या सोमवारी येत आहे. ग्रंथालयात दोन हजार पुस्तके असली तर परवानगीचा विचार होईल.

ग्रंथपाल होते इलीशा रणपिसे मास्तर. त्यांनी कपाटांतली पुस्तके मोजली. तेराशे अठ्ठ्याहत्तर. त्यांनी पुन्हा मोजली, कारण उजागऱ्यांनी तसे सांगितले. पुस्तके तेवढीच भरली.

सहा दिवसांत सहाशे पुस्तके कुठून आणायची? तेव्हा त्या पाच मुलींपैकीच एकीने, सुशीला मोहोड तिचे नाव, सुचवले की गावात मागून पाहू. कॉलेजने गावाला कधी काही मागितले नव्हते. गावानेही कॉलेजला टेकडीवरचे पाहुणे मानले होते. पण विचारायला काय जाते, असे म्हणून बुधवारी सकाळची प्रार्थना आटोपल्यावर सगळे कॉलेज टेकडी उतरले.

पुढचे चार दिवस माळझरीत जे चालले त्याला जत्राच म्हणायला हवे. पंचांगे निघाली. वैदूच्या घरून झाडपाल्याची वही निघाली. पोलीस पाटलांनी कायद्याचे जाडजूड पुस्तक दिले आणि ते आपण कधी उघडले नाही हेही मोकळेपणाने सांगितले. रहमतबींनी सासऱ्यांचे उर्दू पुस्तक रेशमी फडक्यात बांधून दिले. शिंप्याने मापांची वही पुढे केली. ती पुस्तक आहे की नाही यावर रणपिसे मास्तर आणि शिंपी यांचा तासभर वाद झाला. तिला पुठ्ठा आहे, पाने आहेत आणि ती गावातले सगळे वाचतात, असे शिंप्याचे म्हणणे होते. शेवटी ती घेतली गेली. आसपासच्या वाड्यांवरून बैलगाडी भरून पुस्तके आली. गाडीपुढे मुलांनी लेझीम धरले होते म्हणे.

गुरुवारी एका तरुण प्राध्यापकाने सुचवले की या सगळ्यांवर कॉलेजचा शिक्का मारून टाकावा, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. रणपिसे मास्तरांनी शिक्का कपाटात ठेवून कुलूप लावले. खोटी साक्ष देऊ नको ही आठवी आज्ञा आहे, आणि शिक्काही साक्षच देतो, एवढेच ते म्हणाले. त्यांनी नवी नोंदवही आखली आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते ज्या घरून आले त्या घराचे नाव लिहिले. उजागऱ्यांना हे पटले, पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मोजणी झाली. गावातून पाचशे एक्क्याण्णव पुस्तके आली होती. अजून एकतीस कमी होती. माळझरीत न ठोठावलेले दार उरले नव्हते.

गिरजाबाई चहाचे कप गोळा करत होती. वऱ्हाडातली बाई, तोंडाने फटकळ. ती मास्तरांसमोर उभी राहिली.

"तुमी समद्या गावाच्या दारी गेले, मास्तर. तुमच्या दारी कोन गेलं?"

मास्तरांनी नोंदवही मिटली. सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्या घरात रूथबाईंची पेटी होती. रूथबाई त्यांची पत्नी. मिशनच्या शाळेत मुलींना शिकवायच्या, आणि पगारातून पुस्तके घ्यायच्या. त्यांना जाऊन वर्ष झाले होते. मास्तरांनी ती पेटी तेव्हापासून उघडली नव्हती. ते घरी फक्त झोपायला जात. पडवीत कोणी बसत नसे.

रविवारी उपासनेनंतर मास्तरांनी गिरजाबाईला हाक मारली आणि म्हणाले, "चला, घेऊन जा." रविवारी ओझे उचलावे का, असे कोणीतरी विचारले. उजागऱ्यांनी सांगितले की लेकीची पाठवणी हे काम नव्हे, आणि त्यांनीच पेटीची एक कडी धरली. दुसरी सुशीलेने धरली. निघताना गिरजाबाईने पेटीवर मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. ओटी भरली. रणपिसे मास्तर पक्के ख्रिस्ती. पण त्यांनी ते तांदूळ झटकले नाहीत. वाटेत सांडू नयेत म्हणून वर रुमाल टाकला, असे सांगतात.

पेटीत अडतीस पुस्तके निघाली.

सोमवारी समिती आली. अध्यक्ष होते एक वृद्ध गृहस्थ, चष्मा नाकावर खाली ओढलेला. त्यांनी मोजणी करवली. दोन हजार सात. मग त्यांनी नवी नोंदवही उघडली, घरांची नावे वाचत गेले आणि चष्म्यावरून वर पाहिले.

"ही पुस्तके कॉलेजच्या मालकीची आहेत का?"

उजागऱ्यांनी मास्तरांकडे पाहिले. दाराबाहेर त्या पाच मुली उभ्या होत्या.

"नाहीत," मास्तर म्हणाले. "गावाची आहेत. इथे नांदायला आली आहेत."

"आणि उद्या गावाने परत मागितली तर?"

मास्तरांना खोटे सांगायचे नव्हते आणि खरे ठाऊक नव्हते. तेवढ्यात चहा घेऊन आलेली गिरजाबाई बोलली.

"मागतीनच की. लेक सनाले मायेरी जातेच. म्हून काय सासरची राह्यत नाई?"

अध्यक्षांनी कप हातात घेतला. मग त्यांनी विचारले, माहेराहून येताना लेकी रिकाम्या हातांनी येणार का.

"तुमची लेक येते का रिकामी?" गिरजाबाईने विचारले.

अध्यक्ष हसले. त्यांना तीन लेकी होत्या म्हणे. अहवालात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: पुस्तके दोन हजार सात, त्यांपैकी सासुरवाशिणी सहाशे एकोणतीस, परवानगी द्यावी, मात्र वर्षातून एकदा त्यांना माहेरी धाडण्याची अट राहील. तो कागद काचेत लावलेला आहे. ग्रंथालयात गेलात की डावीकडे पाहा.

जूनमध्ये पदवीचा वर्ग भरला. पाचही मुली पहिल्या बाकावर होत्या. गावाने टेकडीवर येऊन जेवण घातले. तेव्हापासून कॉलेज हे पाहुण्यांचे राहिले नाही.

अट पाळायची म्हणून दिवस ठरला एकतीस ऑक्टोबरचा, लूथरन पंथाच्या धर्मसुधारणा दिनाचा. दिवाळीच्या आगेमागे येतो, माहेरपणाला योग्य. पहिल्या वर्षी पुस्तके घरोघर गेली. विद्यार्थ्यांनी ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचली, कारण बऱ्याच घरांत वाचता येणारे कोणी नव्हते. वैदूला आपल्याच आजोबांचे औषध नव्याने कळले. शिंप्याच्या घरी सगळ्यांची जुनी मापे वाचली गेली आणि कोण किती सुटले यावर गल्लीभर हशा झाला.

रणपिसे मास्तर त्या दुपारी एकटे घरी होते. आपल्या घरी कोणी येईल हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. दार वाजले. बाहेर अडतीस मुलेमुली उभी होती, प्रत्येकाच्या हातात रूथबाईंचे एक पुस्तक. बसायला जागा नव्हती. कोणी पायरीवर बसले, कोणी पेरूच्या झाडाखाली. अडतीस जण एकदम मोठ्याने वाचू लागले. कोणाला कोणाचे ऐकू येईना. मास्तर शेजारी रवा मागायला धावले आणि आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला. तो करपला होता, तरी कढई रिकामी झाली, असे त्यांतले लोक पुढे आयुष्यभर सांगत.

आजही एकतीस ऑक्टोबरला प्रार्थनामंदिरातली उपासना संपली की नवे विद्यार्थी पुस्तके घेऊन टेकडी उतरतात. घरांची तिसरी पिढी दारात उभी असते. पुस्तके संध्याकाळी ओटी घेऊन परत येतात, आणि आठवडाभर ग्रंथालयाला नव्या तांदळाचा वास असतो. मास्तर गेले, त्यांच्या घरात आता विद्यापीठाचे पाहुणे उतरतात, पण त्या दिवशी ते अडतीस जणांसाठी मोकळे ठेवतात. शिराही होतो, थोडा करपवूनच.

त्या अडतिसांतल्या एका कादंबरीत एकशे बाराव्या पानावर निळ्या दोऱ्याचा तुकडा आहे. रूथबाईंनी खुणेसाठी ठेवलेला; त्यांचे वाचन तिथवरच झाले होते. ज्याच्या वाट्याला ते पुस्तक येते तो तिथपर्यंत वाचतो आणि मिटतो. तसा नियम कोणी केलेला नाही. मास्तरांनीही पुढे वाचले नव्हते. ते पुस्तक वाचून पुरे करायचे राहिले आहे.