मसूचं चूलबंद आवतण

खिंडीच्या पोटात कुसवडे नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात मसू नावाचा एक भोळा निरोप्या होता. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "मसू, जरा घरावर डोळा ठेव रे," तर हा भिंतीला डोळा लावून उभा राही.

खिंडीत फोनची रेंज येत नसे. मसू येत असे. लग्नाचं आवतण असो की मयताचा सांगावा, तोच नेई. पाय त्याचे घोड्याचे होते. डोकं देवाचं होतं, म्हणजे ते देवानंच सांभाळायचं.

त्या साली गावाला एक घोर लागला होता. कुसवड्याची शाळा बंद करायचं तालुक्यात चाललं होतं. दिवस बोरांचे. पोरं वर्गात कमी आणि बोरीवर जास्त. तालुक्याचे साहेब कधीही येणार होते. येऊन पोरं मोजणार, त्यांच्यापुढं एखादा उतारा ठेवणार आणि विचारणार, की सांगा, यातली माहिती कशी मांडलीय? पोरं नसली, किंवा असून मुकी बसली, तर शाळेला कुलूप. मग गावातल्या चिमुरड्यांनी खिंड ओलांडून पलीकडच्या गावात शिकायला जायचं. वाटेत ओढा. ओढ्याला पूल नाही. गेल्या पावसाळ्यात तिथून अख्खी म्हैस वाहून गेली होती, मग पोरांची काय कथा.

शाळेवर इंगवले बाई होत्या. गावात आल्या तेव्हा केस काळे होते, आता कानशिलावर पांढरे झाले होते. लग्न राहून गेलं होतं. त्याची हळहळ बाईंना नव्हती, गावाला होती.

बाई पोरांना जीव तोडून शिकवत. "माहिती म्हणजे पोत्यात कोंबलेले कांदे नव्हेत रे. तिला ठेवण असते. घरात कसं, पाणी मोरीत, पीठ डब्यात, देव कोनाड्यात. तसं."

मागच्या बाकावर मसू बसलेला असे. त्याला त्याच्या बायकोनं, सुगंधानं, पाठवलं होतं. ती म्हणाली होती, "पोरांबरोबर बसा जरा. बोलायचं कसं ते तरी कळंल. नाहीतर गाव दुसरा निरोप्या बघंल, आन् मी दुसरा नवरा."

पहिल्या दिवशी बाईंनी क्रम शिकवला. "आधी काय झालं, मग काय झालं, शेवटी काय झालं. असं ओळीनं सांगायचं. मधली पायरी गाळायची नाही."

"बरं बाई," मसू म्हणाला. "आता चूक नाही."

दुपारी तो सरपंच अण्णांच्या मळ्यावरून येत होता. बघतो तर अण्णांची कडब्याची गंजी पेटलेली. मसू धावत सुटला. अण्णा पारावर पान लावत बसले होते.

"अण्णा, निरोप आहे."

"बोल."

मसूनं घाम पुसला. "आधी मी सकाळी उठलो. मग राखुंडीनं दात घासले. मग सुगंधानं च्या दिला. त्यात साखर नव्हती. मग मी साखर मागितली. मग ती म्हणाली, मीच गोड हाय, तसाच प्या. मग मी प्यालो."

अण्णांना गंमत वाटली. "पुढं?"

मसूनं पुढं सांगितलं. शाळा सांगितली, वाट सांगितली, वाटेत चप्पल तुटली ती सांगितली, कुठला अंगठा तुटला तेही सांगितलं. अण्णांचं पान खाऊन झालं. दुसरं लावून झालं.

"आणि शेवटी," मसू म्हणाला, "तुमची गंजी पेटली."

गंजीच्या जागी तोवर मूठभर राख होती, आणि तीही वाऱ्यानं चालली होती.

अण्णा मसूला कानाला धरून शाळेत घेऊन आले. "बाई, हे काय शिकवलंत?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे मसू, अशा वेळी क्रम नसतो लावायचा. अडचण आणि उपाय, अशीही एक मांडणी असते. आधी अडचण सांगायची, की लगेच उपाय सांगून मोकळं व्हायचं. गंजी पेटलीय, पाणी आणा! झालं."

"बरं बाई. आता चूक नाही."

मग पलीकडच्या गावातले अण्णांचे एक जुने दोस्त वारले. अण्णांना ताप होता. त्यांनी मसूला पाठवलं. "माझ्या वतीनं वैनींना भेटून ये. दोन शब्द बोल."

मसू गेला. ओसरीवर सगळं गाव माना खाली घालून बसलेलं. वैनी खांबाला टेकून रडत होत्या. मसू सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"वैनी, अडचण अशी, की मालक गेले."

वैनींनी हंबरडा फोडला.

"उपाय असा, की दुसरा बघा. आमच्या गावात दोघं रिकामे हायेत. एकाचा गुडघा दुखतो, पण स्वभावानं बरा हाय."

रडणं एकदम थांबलं. ओसरीखाली चपलांचा ढीग होता. कुठली चप्पल कुणाची, हे त्या दिवशी कुणी बघितलं नाही.

मसू सुजलेलं तोंड घेऊन बाकावर येऊन बसला. बाईंनी विचारलं, त्यानं सांगितलं. बाईंनी खिडकीकडं तोंड केलं. त्या रडत होत्या की हसत होत्या, ते पोरांना कळलं नाही.

"मसू, मयताच्या घरी उपाय नसतो रे द्यायचा. तिथं वर्णन करावं. माणूस कसा दिसायचा, कसा हसायचा, काय खायचा. डोळ्याला उपरणं लावावं आणि असं सांगावं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं तो उभा राहिला पाहिजे."

"बरं बाई. आता चूक नाही."

आठवडा गेला नाही, तोच अण्णांच्या पुतण्याला बघायला मुलीकडची माणसं आली. पुतण्याचं नाव दिगंबर. तो घरी न्हात होता. जीप वेशीत थांबली. पाहुण्यांना घरापर्यंत आणायला मसू उभाच होता.

मुलीचा बाप खाली उतरला. खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही गावातले. खरं सांगा, मुलगा कसा आहे?"

मसूनं उपरणं डोळ्याला लावलं.

"काय सांगू पाव्हणं! उंच असा, की दाराला कपाळ आपटायचं. आपटलं, की हसायचा. भाकरी दुधात कुस्करून खायचा. झोपला, की असा घोरायचा, शेजारची गाय दावं तोडायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. असा माणूस आता पुन्हा व्हायचा नाही!"

मुलीच्या बापानं डोक्यावरची टोपी काढली. बायकांनी पदर तोंडाला लावला. "अरेरे," बाप म्हणाला, "ऐन उमेदीत!" मग मसूचा खांदा थोपटून सगळे तसेच जीपमध्ये बसले. अशा दिवशी त्या घरची पानसुपारी कशी घ्यायची? दिगंबर डोक्याला तेल चोपडून दारात आला, तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती.

या वेळी अण्णा काठी घेऊन शाळेत आले. "तुझ्यामुळं पोराचं जमता जमता मोडलं! तुझ्यामुळं! कशामुळं काय होतं, ते तरी तुला कळतं का रे?"

"नाही," मसू म्हणाला. खरं तेच बोलला.

बाईंनी अण्णांना पाणी दिलं आणि फळ्याकडं वळल्या. कारण आणि परिणाम हा धडा तसाही राहिलाच होता. "मसू, तूही नीट ऐक. आधी कारण सांगायचं, मग त्यातून काय झालं ते सांगायचं. दोन्ही जोडीनं. एक सोडलं तर दुसरं लंगडं."

"बरं बाई. आता चूक नाही."

आणि त्याच संध्याकाळी सांगावा आला, की साहेब उद्या येणार.

गावात घरोघर जाऊन सांगायला माणूस एकच. शिवाय वर्गात एकही दिवस न चुकवणाराही तोच. बाईंनी त्याला समोर बसवलं. "मसू, मुलं आली नाहीत, तर शाळा बंद होणार. घराघरांत सांग. सांगशील ना?"

"कारण आणि परिणाम," मसू म्हणाला.

"शाबास!" बाईंना बरं वाटलं.

मसू दारोदार फिरला. प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "कारण, मुलं आली नाहीत. परिणाम, शाळा बंद."

"झाली का शेवटी बंद?" बायाबापड्यांनी सुस्कारा टाकला. पोरांनी टाकला नाही. पोरं पहाटेच बोरीवर चढली.

सकाळी साहेब आले. नातवंडं असलेला, पोक्त, पोट सुटलेला माणूस. वर्गात बघतात तर पुढचे सगळे बाक रिकामे. मागच्या बाकावर, हाताची घडी घालून, मसू.

बाई दाराकडं बघू लागल्या.

"मुलं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

मसू उभा राहिला. "शाळा बंद झाली, म्हणून आली नाहीत."

"शाळा बंद? कुणी केली?"

"तुम्ही."

"मी? कधी?"

"आता कराल की."

"कशामुळं?"

"मुलं आली नाहीत, त्यामुळं."

"अहो, पण मुलं का आली नाहीत?"

"शाळा बंद झाली, म्हणून."

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. मसूनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी साहेबांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बाई, दुपारपर्यंत थांबतो. मुलं दिसली नाहीत, तर माझाही इलाज नाही."

बाईंनी मसूला ओसरीवर ओढलं. "मसू, तुझ्या पाया पडते. आता कारण नको, परिणाम नको, वर्णन तर मुळीच नको. तू लग्नाचं आवतण किती छान देतोस! तसंच दे. कोण, कुठं, कधी, एवढंच सांग. घरातलं एकही माणूस मागं राहता कामा नये."

मसूचा चेहरा उजळला. आवतण हे त्याचं हातखंडा काम. आणि एकही माणूस मागं ठेवायचं नाही म्हणजे कुठलं आवतण, हे का त्याला सांगायला हवं? चूलबंद! म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, थोरामोठ्यांसकट सगळ्यांनी जेवायलाच यायचं.

"बरं बाई," तो म्हणाला. "आता चूक नाही."

पहिल्याच घरी त्यानं हाळी दिली. "चूलबंद आवतण हाय हो! कुठं, शाळेत. कधी, आत्ता!"

"अगं बाई, लगीन कुणाचं?"

मसू थबकला. कोण, ते सांगायचं राहिलंच होतं. "पाव्हणं तालुक्याचे साहेब हायेत. आवतण इंगवले बाईंचं हाय."

त्या घरची बाई हनुवटीवर बोट ठेवून उभी राहिली. मग ओरडली, "अगं ए, ऐकलंस का! आपल्या बाईंचं ठरलं!"

पुढच्या घरांत मसूच्या आधी बातमी गेली. चुलींवर पाणी पडलं. ट्रंकेतली लुगडी बाहेर आली. पोरांना बोरीवरून खाली ओढून, खसाखसा घासून, नवे सदरे घातले. एक पोर मागं राहिलं नाही. आजारी होतं तेही उठलं. लग्नाचं जेवण कोण सोडतो?

दुपार टळायच्या आत ताशा वाजत सगळं गाव शाळेत आलं. पोरं पुढं. भराभर वर्गात शिरून बाकांवर बसली, जागा पुरेना तेव्हा मांडीवर बसली. साहेबांनी मोजायला घेतलं आणि मोजता मोजता दमले. तेवढ्यात कुणा म्हातारीनं मागून येऊन त्यांच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. साहेबांना वाटलं, इकडं सत्काराची अशीच रीत असेल. ते हसले.

"छान! आता एक सांगा," ते पोरांना म्हणाले. "आज इथं काय चाललंय, ते मला माहिती म्हणून सांगा. कशी मांडाल?"

पुढच्या बाकावरची एक चिमुरडी ताडकन उठली. "अडचण आणि उपाय, साहेब!"

"वा! कशी?"

"अडचण अशी, की आमच्या बाईंचं लग्न होत नव्हतं. उपाय असा, की तुम्ही आलात."

बाईंनी फळ्याकडं तोंड फिरवलं. साहेबांचा हात कपाळाकडं गेला. मुंडावळ्या हाताला लागल्या. बाहेर कुणी तरी विचारत होतं, मंगलाष्टकं आधी की जेवण आधी.

साहेबांनी घाईघाईनं मुंडावळ्या ओढून खिशात कोंबल्या. शेरा लिहायला बसले. पोरं भरपूर आहेत, तयारी उत्तम आहे, शाळा मुळीच बंद करू नये, असं भराभरा लिहून खाली सही ठोकली. मग जीपकडं पळता पळता अण्णांचा आणि मसूचा हात धरून, घाबऱ्या आवाजात म्हणाले, "शाळा तुमची राहिली. पण एक करा. हे तेवढं माझ्या घरी कळता कामा नये!"

अण्णांनी मान डोलावली. मसूनंही डोलावली.

निरोप कोणाचा, साहेबांचा. कुठं, साहेबांच्या घरी. असा स्वच्छ निरोप त्याला आजवर कुणी दिला नव्हता. जीप वळणं घेत घाटातून गेली. मसू खिंडीतून सरळ उतरला आणि तिच्याआधी तालुक्याला पोचला. साहेबांच्या बायको अंगणात तांदूळ निवडत होत्या. मसूनं त्यांना वाकून रामराम केला.

"वैनीसाहेब," तो म्हणाला, "साहेबांचा निरोप हाय. आज शाळेत आमच्या बाईंशी त्यांचं लगीन होता होता राहिलं, ते तुम्हाला कळता कामा नये."