हौसाआजीचं विरजण

"बाबा, देणाऱ्याला कोणी नको म्हणतं का कधी?"

रंगरावांनी दह्याचं मडकं मस्तान फकिरापुढं ठेवलं आणि तावातावाने विचारलं.

नदीच्या पुराने गावातलं धान्य धुऊन नेलं होतं. रंगरावांचं घर उंचावर, म्हणून वाचलं. त्यांनी आपलं कोठार सगळ्या गावाला उघडं केलं. माणसं येत होती, ज्वारी नेत होती. येत नव्हती फक्त शेजारची हौसाआजी. तिची एक गाय तेवढी उरली होती आणि म्हातारी नुसत्या ताकावर दिवस काढत होती. गड्याबरोबर पोतं धाडलं, ते तसंच परत आलं. रंगराव स्वतः गेले, तर तिने दारच लावून घेतलं.

"अशानं मरेल ती," रंगराव म्हणाले. रागावले होते, पण त्याहून जास्त घाबरले होते.

बाबांनी मडक्यात बोटं घातली. दही चाखलं. मग आणखी चाखलं... बघता बघता मडकं चाटूनपुसून लख्ख केलं आणि रंगरावांच्या हातात परत दिलं.

"तिच्याकडून विरजण आण."

"माझ्या दावणीला आठ म्हशी आहेत, बाबा."

बाबा मिशीला लागलेलं दही पुसत राहिले.

रिकामं मडकं घेऊन गावातून जाताना रंगरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात त्यांनी कोणापुढं हात पसरला नव्हता, आणि त्याची त्यांना कोण ऐट होती.

हौसाआजीने आधी मडकं बघितलं, मग माणूस. मग पदर तोंडाला लावून अशी हसली, की दारातली गाय दचकली.

"आठ म्हशी, आन् इरजण माझ्याकडं? तुझी आई न्यायची की रं हितनंच. त्यानंतर तुमच्या घरचं कुणी आलंच न्हाई."

तिने मडक्यात विरजण घातलं. रंगराव निघाले तशी मागून म्हणाली, "ज्वारी वाटतोस म्हणं. सकाळी येते पायलीभर न्यायाला."

रंगराव धोतर सावरत, या वयात, धावतच बाबांकडं आले. आनंदाने त्यांचे डोळे भरून वाहत होते.

"घेते म्हणाली, बाबा. आता तिला आणखी काय काय देऊ?"

बाबा पोटभर हसले.

"उद्या मीठ माग."