पुढच्या चाकातली हवा

“आणि पुढचा टायर?” बाबालाल उस्तादांनी विचारलं.

कुलदीपने ते कानाआड केलं. हातातल्या फडक्याने त्याने टाकी आणखी एकदा पुसली आणि सीटमागचा उंचवटा लाकडी हातोडीने पत्रा ठोकून ठोकून आपण कसा घडवला, हे पहिल्यापासून सांगायला लागला.

उस्ताद ऐकत राहिले. त्यांची नजर पुढच्या चाकावरून हलली नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज. तिथे एक रिवाज होता. नव्याने बांधलेल्या गाडीला पहिली किक उस्तादांनी मारायची. त्यांनी मारली की गाडी रस्त्याला मोकळी. नाही मारली, तर ती कितीही चकाचक असो, भिंतीशी उभी.

आज कुलदीपची गाडी त्या किकसाठी उभी होती.

गाडी खरं तर रणजितची. रणजित म्हणजे कुलदीपचा थोरला भाऊ आणि उस्तादांचा लाडका चेला. भंगारात निघालेली एक जुनी मोटारसायकल त्याने उचलून आणली होती. तिची कॅफे रेसर करायची आणि पहिली फेरी पन्हाळ्यावर मारायची, असं त्याने ठरवलं होतं. गाडी निम्मी खोलून झाली... आणि उन्हाळ्यात डेंग्यूच्या तापाने त्याला आठवड्याच्या आत नेलं.

उरलेली गाडी कुलदीपने बांधली. आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला हा गडी आधी कापायचा आणि मग मोजायचा. एका मित्राने गमतीने गाडीवर बूड टेकलं, तर याने त्याच्यावर पाना भिरकावला. पण गाडी उभी केली. हँडल खाली, सीट एकाच माणसाचं, टाकी निळीशार, अंगावर एक फालतू पत्रा नाही.

समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या शालनकाकू रिकामे कप न्यायला आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली.

“निम्मी चोरीला गेली का रं?”

कुलदीप उखडला. मग मोठ्या शहाण्यासारखा समजावत बसला. तिकडं परदेशात पोरं एका चहाच्या हॉटेलातून निघायची आणि दुसऱ्या हॉटेलापर्यंत शर्यत लावायची. त्यासाठी गाडी हलकी करायची. म्हणून तिला कॅफे रेसर म्हणतात.

काकूंनी ते नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे शेवटी चहाच प्यायचा?”

“व्हय.”

“मग चालत ये की. समोरच हाय मी.”

उस्तादांच्या तोंडातला चहाचा शेवटचा घोट सांडायचा राहिला. कुलदीपलाही हसू फुटत होतं, ते त्याने दातांखाली दाबलं.

“मारा की उस्ताद किक,” तो म्हणाला. “ऊन व्हायच्या आत पन्हाळा चढतो.”

उस्ताद उठले. गाडीपाशी आले. किककडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टायरवर अंगठा दाबला. रबर आत गेलं आणि तिथेच राहिलं. कडेला चिरा पडल्या होत्या, जुन्या टाचेला पडतात तशा. वरची नक्षी कधीच झिजून गेली होती.

“सगळी गाडी नवी केलीस,” उस्ताद म्हणाले. “मागचा टायर नवा. तारा घासून चमकवल्यास. आणि हे असलं ठेवलंस?”

कुलदीप टाकीवर फडकं फिरवत राहिला.

मग उस्तादांना व्हॉल्व्ह दिसला. त्याच्या टोपीवर पंक्चरचं सोल्युशन थापून थापून गोळा केला होता. आतली हवा कुणी काढू नये म्हणून.

“हे काय?”

“असू दे.”

“कुल्या... हे काय?”

कुलदीपने फडकं खाली टाकलं. मग तो बोलायला लागला तसा थांबेचना. दादाचे शर्ट आईने धुऊन टाकले. वास गेला. दादाचा मोबाइल आहे, पण त्याचं कुलूप कुणाला उघडत नाही. चप्पल मामा घालून गेला, त्यावरून मोठं भांडण झालं. राहिलं काय? दादा शेवटचा इथे आला त्या दिवशी लाईट गेली होती, कॉम्प्रेसर बंद होता, म्हणून दादाने हातपंपाने या चाकात हवा भरली. अंगात कणकण होती तरी भरली. भरून झाल्यावर पंपावर हनुवटी टेकून हसत उभा राहिला. संध्याकाळी तापाने फणफणला तो पुन्हा इकडे आलाच नाही.

“ही त्यानं भरल्याली हवा हाय,” कुलदीप म्हणाला. “मी चाक कधी उतरवलं न्हाई. इंजिनाखाली ठोकळा देऊन अधांतरी ठेवलंय, भार पडू नये म्हणून.”

काकूंच्या हातातले कप वाजायचे थांबले.

“निम्मी आपसूक गेलीया,” उस्ताद हलकेच म्हणाले.

“उरली तेवढी तर त्याची हाय.”

“पन्हाळ्याच्या वळणावर हा टायर फुटला म्हणजे?”

“फुटू दे.”

“तुझ्या आईला आता एकच पोरगं हाय.”

ते कुलदीपला लागलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. पण मान त्याने आडवीच हलवली. किक मारायची तर मारा, म्हणाला, नाहीतर मी मारतो. रिवाज गेला खड्ड्यात. हवा काढायची नाही म्हणजे नाही.

उस्तादांच्या गॅरेजात त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. काकूंनी डोळे मोठे केले.

उस्ताद रागावले नाहीत. आत गेले आणि हातपंप घेऊन आले. चाकाशी बसले, आणि नखाने सोल्युशनचा गोळा सोलायला लागले.

कुलदीपने झडप घालून त्यांचं मनगट धरलं.

“काढायची न्हाई म्हणालो ना!”

“काढत कुठं हाय? भरतोय. भरायची न्हाई असं कुठं म्हणालास?”

कुलदीपची पकड सैल झाली. मनगट सुटलं.

उस्तादांनी टोपी काढली, नळी लावली, पंपाच्या पायपट्ट्यांवर पाय रोवले आणि दांडा दाबायला सुरुवात केली. म्हातारा माणूस. थोड्या वेळात दाढी घामाने ओली झाली. कुलदीप मदतीला पुढे झाला, तर त्यांनी डोळ्यांनीच त्याला मागे सारलं. टायर फुगत गेला. चिरा तोंड उघडायला लागल्या, तेव्हा उस्ताद थांबले, नळी काढली, आणि गॅरेजच्या पायरीवर जाऊन बसले.

“झालं,” ते म्हणाले. “आता माझी मला परत दे.”

“काय?”

“हवा. रणजितची हाय ती ठेव तुझ्याकडं. मी त्यावर हक्क सांगत न्हाई. पण माझी भरल्याली मला काढून दे.”

कुलदीप त्यांच्याकडे बघत राहिला. उस्तादांचा चेहरा अगदी व्यवहाराचा होता. शेजाऱ्याने नेलेली शिडी परत मागावी, तसा.

“उस्ताद, चेष्टा करू नका.”

“चेष्टा कसली? घाम गाळून भरलीया. दे.”

कुलदीप चिडला. चिडूनच चाकाशी बसला आणि व्हॉल्व्हच्या पिनवर नख दाबलं. सुस्स... त्याने झटकन बोट उचललं.

“ही कुणाची गेली?” उस्तादांनी विचारलं.

कुलदीपने बोटाकडे पाहिलं, मग चाकाकडे.

“माझी का त्याची?”

“मला काय ठावं!”

“बघ की नीट. त्याची जायला नको.”

कुलदीपने पुन्हा बोट नेलं. पिनवर ठेवलं. दाबलं नाही. उचललं. कपाळावर घाम आला. त्याने टायरला कान लावला, जणू आत दोघं वेगवेगळे बसले असतील आणि एखादा ओ देईल.

शालनकाकूंना राहवलं नाही.

“कुलदीप,” त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “माझ्या गाड्याच्या चाकात रणजितच भरायचा बरं का हवा. पुढच्या दोन्हींत. ती आणून देऊ का तुला? पातेलं लागंल.”



मग कुलदीपच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी ते रडूच वाटलं, पण बाहेर पडलं ते हसू. तो चाकाला धरून हसला. काकूंकडे बघून हसला, उस्तादांकडे बघून हसला. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने पुसलं नाही. उन्हाळ्यापासून गल्लीत त्याचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या लेथवाल्याने यंत्र बंद करून बाहेर डोकावून पाहिलं.

हसू ओसरलं. कुलदीप चाकाशी मांडी घालून बसला.

पिन दाबली. या वेळी बोट उचललं नाही.

हवा त्याच्या तोंडावर येत राहिली. रबराच्या वासाची, कोंदट, थोडी गार. केस उडत राहिले. उस्ताद पायरीवरून उठून आले, शेजारी टेकले, आणि आपला तळहातही त्या धारेपुढे धरला.

सुस्कारा बारीक होत गेला. मग ऐकू येईना. तरी दोघं तसेच बसून होते.

“टायर हाय का तुमच्याकडं?” कुलदीपने विचारलं.

उस्तादांनी मान वळवली. आत खुंटीवर त्याच मापाचा कोरा करकरीत टायर टांगलेला होता. कधीपासून, ते कुलदीपने विचारलं नाही.

चाक उतरलं. जुना टायर निघाला, नवा बसला. लाईट होती, कॉम्प्रेसर चालू होता, पण कुलदीपने हातपंप उचलला. दांडा दाबता दाबता त्याचा श्वास फुलला. काकूंनी मध्येच येऊन त्याला चहा पाजला. हा तुझ्या शर्यतीतला पहिला कप, म्हणाल्या.

चाक जागेवर चढलं, इंजिनाखालचा ठोकळा निघाला. उस्तादांनी त्यावर अंगठा दाबून पाहिला. लुंगी वर खोचली, टाकीवर हात फिरवला आणि किक मारली.

पहिल्याच किकेला गाडी धडधडायला लागली. गल्लीतली कबुतरं उडाली. काकूंनी कानावर पदर घेतला, पण तोंडभर हसत होत्या.

कुलदीप गाडीवर बसला. हँडल इतकं खाली, की जणू रस्त्याला नमस्कार घालायला वाकलाय. हेल्मेट चढवलं. क्लच दाबला... आणि तसाच थांबला. त्याने मान वळवून मागे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं.

“उस्ताद... दादा बघत असंल का ओ?”

“बघत असंल तर बघू दे,” उस्ताद म्हणाले. “तू रस्ता बघ.”