काटेसावर गप्प झाला

एकदा एका शिष्याने फार मोठा वाद जिंकला, आणि ते ऐकताच त्याच्या गुरूने पेटती चूल पाणी ओतून विझवली.

तव्यावर भाकरी होती. ती अर्धी कच्ची तशीच राहिली.

आता हा वाद कुठला, ते आधी सांगते. नाहीतर गुरूला वेड लागलं असंच वाटायचं.

गुरू म्हणजे एक वृद्ध शास्त्री. गावाच्या टोकाला, ओढ्याकाठी त्यांचं दोन खोल्यांचं घर. पत्नी निवर्तलेली, मूलबाळ नाही. शिष्य तिशीचा, अर्थशास्त्र शिकलेला. आईवडील गेले, भाऊ वेगळा झाला, तेव्हा शहरातली नोकरी सोडून ज्ञान मिळवायला म्हणून तो शास्त्रीबुवांकडे येऊन राहिला. आला खरा, पण येताना मोबाईल घेऊन आला, आणि ज्ञानाकडे पाठ करून त्यातच तोंड खुपसून बसला. गुरू सकाळी पाठ सांगत, हा मान न वर करता "हो, हो" म्हणे. जेवताना एक हात भाकरीला, एक हात मोबाईलला. गुरू शेजारी बसून जेवत, पण खोटं कशाला बोला, एकटेच जेवत.

मोबाईलवर एक गट होता. तिथे जगाचे प्रश्न सोडवले जात. सोडवले कसले, चघळले जात. दूरच्या एका देशात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली होती. तिथल्या एका उमेदवाराने वचन दिलं होतं, की मी निवडून आलो तर गरीब असो की श्रीमंत, काम करो की न करो, प्रत्येक माणसाला दरमहा पोटापुरता पैसा सरकारातून मिळेल. सरसकट. अर्ज नाही, चौकशी नाही, कुणापुढे हात पसरणं नाही. शिष्याला हा विचार मनापासून पटला. विचार वाईट नव्हताच. पण तो इतका पटला, की तो न पटणारा माणूस त्याला माणूसच वाटेना.

असा न पटणारा एक होता. तो 'काटेसावर' या टोपणनावाने लिही. फोटोच्या जागी त्या झाडाचं लाल फूल. शिष्याने सकाळी काही लिहिलं की दुपारच्या आत काटेसावरचं उत्तर हजर. हा म्हणे, सगळ्यांना द्या. तो म्हणे, पैसा टाकला की माणूस उभा राहतो हे कुणी सांगितलं? हा म्हणे, तुमचा उमेदवार चोर. तो म्हणे, तुझा उमेदवार भोंदू. दोघांनाही त्या देशात मत नव्हतं. तरी वर्षभर हे चाललं, एक दिवस खाडा नाही.

मग एके दिवशी शिष्याने आकड्यांचा डोंगर रचला आणि वर टोमण्याचा कळस चढवला : "आजोबा, तुमचं वय झालं. आता जपमाळ ओढा आणि जगाला पुढे जाऊ द्या." शेकडो लोकांनी वाहवा केली. काटेसावरचं उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

आठवडा उलटला तेव्हा शिष्य नाचतच स्वयंपाकघरात आला.

"गुरुजी, जिंकलो! काटेसावर गप्प झाला!"

भाकरी थापता थापता गुरूंनी विचारलं, "अजिबात काही बोलला नाही?"

"एक अक्षर नाही. आठवडा झाला!"

"याआधी असा कधी गप्प बसला होता?"

"छे! लक्ष्मीपूजनाच्या दिवशीसुद्धा भांडत होता."

"सणाच्या दिवशी?"

"दिवसभर."

गुरूंनी हात धुतले, तांब्या उचलला आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. राख उडाली, धूर झाला.

"गुरुजी, हे काय केलंत? मला भूक लागलीय!"

"सुतकाच्या घरी चूल पेटत नाही," गुरू म्हणाले.

"सुतक? कोण गेलं?"

"ते तू सांगायचंस. ओळख तुझी आहे." एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

शिष्याला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तोही फुरंगटून दुसऱ्या टोकाला बसला.

दुपार झाली. शेजारच्या हौसाबाईने धूर दिसेना म्हणून कुंपणावरून डोकावून पाहिलं. तिला वाटायचं तेच वाटलं. थोड्या वेळाने ती टोपलीत भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन आली. मयताच्या घरी चूल बंद असते, तेव्हा शेजाऱ्यांनी अन्न न्यायचं असतं. त्याला कडू घास म्हणतात. पदर सावरून तिने हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं वो, गुरुजी?"

"ह्याला विचारा."

हौसाबाई शिष्याकडे वळली. "कोण रे बाबा? नाव काय त्यांचं?"

"नाव... माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"घरात कोण हाय? बायको, लेकरं?"

"मला काहीच माहीत नाही, मावशी. आणि तो मेलेला नाही. म्हणजे... नसावा."

"नसावा?" हौसाबाईचा आवाज चढला. "आरं, मग ओळख तरी कसली तुझी?"

"आम्ही रोज भांडायचो."

"रोज?"

"वर्षभर."

"कशावरनं? बांधावरनं का पाण्यावरनं?"

"परदेशात राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा त्यावरून."

हौसाबाईने एकदा गुरूंकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवली. "मी अन् माझी जाऊ बी रोज भांडतो. पर सकाळी तिची कडी वाजली न्हाई, तर मी आधी तिचं दार ढकलते, मग शिव्या देते. आठवडा झाला म्हणतोस, अन् तू इथं नाचतोस व्हय रे? खा. दोघं बी खा. पोटात काय न्हाई म्हणून डोकं चालंना तुझं."

ती गेली. शिष्याने भाकरी मोडली, आणि तुकडा परत टोपलीत ठेवला.

तेव्हा गुरू बोलले.

"तुझा विचार मला मान्य आहे. भुकेल्याला देताना त्याची लायकी तपासू नये. आत्ताच बघ, आपल्या घरी खरंच सुतक आहे का, हे नक्की कळायच्या आधी ती बाई अन्न घेऊन आली. तुझं सरसकट ते हेच. पण तू सगळ्यांचा कैवार घेतलास, आणि त्या सगळ्यांतला जो एक रोज तुझ्याशी बोलायला येत होता, तो कोण, कुठला, हे एकदाही विचारलं नाहीस. अरे, सगळे कधी दारात येत नसतात. दारात एकेकटाच येतो. त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा, हे तुझ्या हातात नाही. हा माणूस कुठे आहे, हे शोधणं तुझ्या हातात आहे. त्याचं सगळं पहिल्यापासून वाच. उत्तर देण्यासाठी वाचत होतास, आता माणूस सापडावा म्हणून वाच."

शिष्याने वाचायला घेतलं.

आणि त्याला जे दिसलं, ते वर्षभर त्याच्या डोळ्यांसमोरच होतं. काटेसावरने एकदा लिहिलं होतं, "आज हात फार थरथरतो आहे, चुका दिसतील." त्याखाली शिष्याने त्याच चुकांची खिल्ली उडवली होती. एकदा लिहिलं होतं, "मी एसटीत तिकीट तपासनीस होतो, फुकट्यांना तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो," आणि आगाराचं नावही दिलं होतं. एकदा लिहिलं होतं, "मला पेन्शन मिळते. दरमहा, न मागता. ती खात्यात येते. दारात कोणी येत नाही." त्यावर शिष्याचं उत्तर होतं : "ही भावनिकता झाली. आकडे द्या."

आणि दिवाळीतल्या त्या भांडणाच्या मध्येच, चार शब्द : "बरं, तू जेवलास का?"

त्याखाली शिष्याने लिहिलं होतं, "विषय बदलू नका. मुद्द्यावर बोला."

शिष्याने ते पुन्हा वाचलं. त्या दिवाळीत त्याला हे विचारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. सख्ख्या भावाचाही फोन आला नव्हता. विचारलं ते ह्याने, आणि ह्यालाच त्याने शत्रू ठरवलं होतं. मग त्याला आपलं शेवटचं वाक्य आठवलं, जपमाळेचं. आपण शेवटचं बोललो ते हेच असलं तर?

त्याने गटात लिहिलं, "काटेसावर, तुम्ही कुठे आहात? बरे आहात ना?"

ज्यांनी वाहवा केली होती, तेच धावून आले. एक म्हणाला, "पळाला तो, सोड." दुसरा म्हणाला, "आता त्याला कुरवाळतोस का? तिकडून काही मिळालं वाटतं!" संध्याकाळपर्यंत शिष्यालाही फितूर ठरवून मोकळे झाले. टाळ्या वाजवणारे हात असेच असतात. टाळी वाजते, हात धरला जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य त्या आगाराच्या गावाला निघाला. गुरू त्याला पोचवायला फाट्यापर्यंत चालत गेले. एसटी गेली. परत येताना हौसाबाई भेटली.

"गेला का? आता तुम्ही एकटंच."

"तो होता तेव्हाही एकटाच होतो, हौसाबाई," गुरू म्हणाले. "पण आज तो कुणाकडे तरी गेला आहे. आज एवढं वाटत नाही."

आगारात शिष्याने चौकशी केली. कंट्रोलर चहा पीत होता.

"निवृत्त तिकीट तपासनीस? नाव सांगा."

"नाव माहीत नाही. भांडखोर आहेत."

"अहो, आमचे सगळेच भांडखोर होते. त्याशिवाय ती नोकरी होतच नाही."

"हात थरथरतो त्यांचा. कुणाचं ऐकत नाहीत. जगातल्या सगळ्या निवडणुकांची माहिती असते."

कंट्रोलरने कप खाली ठेवला. "इंगवले साहेब. सरकारी दवाखान्यात आहेत ते. अंगावरून वारं गेलं त्यांच्या. दारात दुधाच्या पिशव्या तशाच पडलेल्या बघून दूधवाल्याने लोक जमवले, दार तोडलं. जायचंय आम्हाला पण बघायला. जमलं नाही अजून." मग त्याने शिष्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

शिष्याने दवाखान्याचा रस्ता विचारला.

दवाखान्यात पुरुषांच्या खोलीत प्रत्येक खाटेशेजारी कुणी ना कुणी होतं. कुणी पेज भरवत होतं, कुणी पाय चेपत होतं. भिंतीकडच्या एका खाटेजवळ स्टूल रिकामं होतं. त्यावर धूळ नव्हती, पण कुणी बसल्याची खूणही नव्हती. खाटेवर एक वाळलेला म्हातारा. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवं अंग गेलेलं. वाचाही गेलेली.

सिस्टर म्हणाल्या, "बोलता येत नाही त्यांना. पण समजतं सगळं."

शिष्य स्टुलावर बसला. काय बोलावं? माफी मागावी, तर ती मागूनही आपल्यालाच हलकं वाटणार. त्याने फक्त स्वतःचं ते टोपणनाव सांगितलं, ज्या नावाने तो लिहीत असे.

म्हाताऱ्याचे डोळे मोठे झाले. डावा हात उठला. ओठ हलले, घशातून घरघर आली, पण शब्द होईना. रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर ज्याच्याशी भांडला तो समोर येऊन बसला, आणि आता भांडायला जीभ नाही.

शिष्याला ते बघवेना. तो म्हणाला, "थांबा. तुमची बाजू मी मांडतो. चुकलं तर सांगा."

मग तो म्हणाला, "तुमचं म्हणणं, फुकट मिळालं की माणूस आळशी होतो."

म्हाताऱ्याने डाव्या हाताचं बोट हलवलं. नाही.

"सरकारकडे एवढा पैसा नाही, असं म्हणणं आहे?"

बोट पुन्हा हललं. नाही. म्हणजे वर्षभर शिष्य ज्याचं खंडन करत होता, ते ह्या माणसाचं म्हणणं नव्हतंच.

शिष्याने मान वळवली. शेजारच्या खाटेवर एक मुलगी बापाच्या तोंडाला रुमाल लावत होती. म्हातारा तिकडे बघत होता, आणि बघत नाही असं दाखवत होता.

शिष्य हळू बोलू लागला. "तुम्ही म्हणता, द्या, पैसे जरूर द्या. पण ते दिले की सरकार म्हणेल, आमचं काम झालं. शेजारी म्हणेल, त्याला मिळतंय की. मुलगा म्हणेल, त्यांचं भागतंय. सगळे मोकळे होतील. मग माणूस पोटभर जेवून एकटा मरेल, आणि कुणाचीच चूक असणार नाही."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मान हलली. एकदा, मग पुन्हा. डाव्या हाताने त्याने शिष्याचं मनगट धरलं. धरलं ते सोडलं नाही.

भेटीची वेळ संपली. सिस्टर दारातून खुणावू लागल्या. शिष्य उठला आणि मुद्दाम थोडा चढा आवाज काढून म्हणाला, "पण ह्याला माझ्याकडे उत्तर आहे, इंगवले साहेब. चांगलं खणखणीत उत्तर आहे. आज नाही सांगत. उद्या येऊन सांगतो."

ओढलेल्या तोंडाची जी बाजू अजून हलत होती, ती हलली.

माणसाशी वाद घालावा, जरूर घालावा. पण तो थोडा अर्धा ठेवून उठावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जायला कारण उरतं.