पिवळा दोरा आणि रहाटपाळणा

पुष्कळ वर्षांपूर्वी, इतक्या की त्या राजाचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही, एका राजाने डोंगराच्या कड्यावर मोठी बाग केली होती. बागेत कारंजी होती, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ होते, गोल फिरणारे लाकडी घोडे होते. आणि अगदी कड्याच्या टोकाशी एक रहाटपाळणा होता, देवळाच्या शिखराहून उंच. धट्टीकट्टी माणसे तो हातांनी फिरवत. हवा स्वच्छ असली की पाळणा वर गेल्यावर दूर खाली समुद्र दिसे.

वर्षातून एकदा, पाऊस सरून आकाश निवळले की, ही बाग एका दिवसासाठी रयतेला उघडी होई. आत शिरायला काही द्यावे लागत नसे. पाळण्यात बसायलाही नाही. राजा उदार आहे, असे लोक म्हणत. त्याचा कारभारी हुशार आहे, असे मात्र कोणी म्हणत नसे, आणि कारभाऱ्याला ते सोयीचेच होते.

कारण दिवसभर हिंडणाऱ्या माणसाला भूक लागते, आणि भुकेची व्यवस्था कारभाऱ्याकडे होती.

बागेत जेवायच्या तीन तऱ्हा होत्या. घरून शिदोरी आणावी आणि झाडाखाली बसून खावी. नाहीतर भूक लागेल तेव्हा जवळच्या मुदपाकखान्यात जाऊन एका ताटाचे पैसे द्यावेत. नाहीतर दारातच पैसे भरून पिवळा दोरा घ्यावा. तो मनगटावर बांधला की दिवसभरातल्या चारही पंगतींना बसता येई. चार पंगती चार मुदपाकखान्यांत होत, आणि चार मुदपाकखाने बागेच्या चार कोपऱ्यांना होते. ते तसे का आहेत, हे कोणी विचारले नव्हते.

त्याच राज्यातल्या एका बाजारपेठेत एक मापाडी राहत होता. शेतकऱ्याचे धान्य व्यापाऱ्याच्या पोत्यात जाताना ते मापून देणे, हे त्याचे काम. पहिले माप टाकताना तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मापाड्यांची तशी रीतच आहे. त्याचे माप नेहमी शिगेपर्यंत भरलेले असे. त्याने ना कधी शेतकऱ्याला बुडवले, ना व्यापाऱ्याला. अर्धवट भरलेले माप नुसते दिसले तरी त्याचा जीव कासावीस होई. असा माणूस बाजारात भला असतो. बाजाराबाहेर त्याचे काय होते, ते आता ऐका.

मापाड्याचा बाप गाडीवान होता. खालच्या मुलखातून मीठ वर येई, ते घाटाच्या नाक्यावर गाडीत भरायचे आणि गावोगाव पोचवायचे, यात त्याचा जन्म गेला. घाट उतरून पलीकडे जायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. आता तो थकला होता, आणि त्याच्या डोळ्यांवर पडदा येत होता. वैद्याने दोन्ही डोळे पाहिले आणि सरळ सांगितले, "पुढचा पावसाळा सरेल तोवर उजेड आणि अंधार, एवढंच कळेल."

म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतले. घरी आल्यावर तो मुलाला म्हणाला, "यंदा मला राजाच्या त्या पाळण्यात बसव. जन्मभर समुद्राचं मीठ वाहिलं. तो असतो कसा, ते एकदा बघून घेतो."

"बसवतो, बाबा," मापाडी म्हणाला. आणि तो मनापासून म्हणाला.

ठरल्या दिवशी मापाडी, त्याची बायको आणि म्हातारा असे तिघे बागेच्या दाराशी पोचले. दारात कारकून बसला होता. त्याच्यासमोर पिवळ्या दोऱ्यांचा ढीग होता.

"तिघं का? घ्या, दोरे बांधून घ्या," कारकून म्हणाला. "सुटी ताटं घेत बसाल तर महागात पडेल. दोऱ्याचं कसं, तीन पंगतींत पैसे फिटतात. चौथी फुकट."

बायकोने काखेतले गाठोडे पुढे केले. "अहो, मी भाकऱ्या आणल्यात. पिठलं आहे, कांदा आहे."

"भाकरी घरी रोजच असते."

"भूक तरी कुठे सणासुदीला लागते? तीही रोजचीच."

कारकून हसला. मापाडी हसला नाही. तो मनात हिशेब करत होता. सुट्या ताटाला किती, दोऱ्याला किती, माणशी किती वाचतात, हे त्याने दोनदा ताडून पाहिले. हिशेब बिनचूक होता. एवढेच, की तो ताटांचा हिशेब होता. दिवसाचा नव्हता.

त्याने तीन दोरे घेतले. म्हाताऱ्याच्या मनगटावर त्याने स्वतः गाठ मारली.

"आता आधी पाळण्याकडे जायचं का रे?" म्हाताऱ्याने विचारले.

"पाळणा कुठे पळून जातोय, बाबा? सकाळची पंगत मात्र उठेल."

सकाळच्या पंगतीला घावन होते, आणि सोबत गूळ घातलेले नारळाचे दूध. पहिला घावन पानात पडला तसे मापाडी सवयीने "लाभ" म्हणाला. म्हाताऱ्याने एक खाल्ला आणि हात आवरला.

"अजून घ्या, बाबा. पैसे भरलेत."

"पोट भरलं रे."

"मग वाढू तर द्या. मी खातो."

असे म्हणून मापाड्याने बापाच्या वाटचे खाल्ले, बायकोच्या वाटचेही खाल्ले. माप शिगेला लागल्याचे समाधान त्याला वाटले. मग ते रहाटपाळण्याकडे निघाले आणि रांगेत उभे राहिले.

रांग लांब होती, पण सरकत होती. आकाश इतके स्वच्छ होते की त्यात घारसुद्धा डागासारखी दिसे. म्हातारा मान वर करून पाळण्याकडे पाहत होता. जो माणूस वर जाई, तो पहिल्यांदा ओरडे आणि मग एकदम गप्प होई. म्हाताऱ्याने हे दोन-तीनदा ऐकले. "तिथेच दिसत असणार तो," तो सुनेला म्हणाला.

एवढ्यात त्यांच्याच गावची तेलीण पाळण्यातून उतरून नातवंडांसह समोरून आली. तिच्या हातात अर्धी भाकरी होती.

"काय मापाडी, आत्ता येताय होय? आम्ही दोनदा बसून आलो."

"दिसला का?" म्हाताऱ्याने विचारले.

"दिसला म्हणजे? निळाच निळा, आजोबा. जिथे आभाळ टेकतं तिथपर्यंत." ती मापाड्याकडे वळली. "लवकर बसवा यांना. फिरवणारे सांगत होते, ऊन कललं की दरीतून धुकं चढतं."

"तुम्ही दोरा नाही घेतला?" मापाड्याने तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहून विचारले.

"नाही बाई. पोरांना जिलेबी हवी होती, तेवढी विकत घेतली. महाग पडली मेली, पण गोड होती. बाकी भाकरी आहेच."

मापाड्याला तिची कीव आली. दोन घास जिलेबीला तिने किती मोजले असतील, हा विचार त्याच्या मनातून जाईना. धुक्याचे मात्र त्याच्या कानावरून गेले.

त्यांच्यापुढे थोडीच माणसे उरली होती, तेव्हा दुपारच्या पंगतीची घंटा झाली. मापाडी रांगेतून बाहेर पडला.

"कुठे निघालात?" बायकोने विचारले. "आलाच की आपला पाळणा."

"घंटा ऐकली नाहीस? पार त्या टोकाला जायचंय. उशीर झाला तर जागा मिळायची नाही."

"नाही मिळाली तर नाही. गाठोडं आहे."

"आणि भरलेले पैसे?"

ती म्हाताऱ्याकडे पाहू लागली. म्हाताऱ्याने काठी उचलली. आपल्यापायी मुलाचे पैसे बुडाले, असे व्हायला त्याला नको होते. तोही रांगेतून बाहेर आला, आणि त्याच्या जागी मागचा माणूस पुढे सरकला.

दुपारी मसालेभात होता, अळूची भाजी होती, तुपाने निथळणारे लाडू होते. मापाड्याच्या शेजारी एक पैलवान बसला होता. तो एकाग्रपणे जेवत होता.

"तुमचं काय काय बघून झालं?" मापाड्याने विचारले.

"बघायचं काय?" पैलवान घास न थांबवता म्हणाला. "मी जेवायला आलोय. बायकोला सांगूनच निघालो, आज चूल पेटवू नकोस म्हणून. चार पंगती करायच्या आणि घरी जायचं."

मापाड्याला हा माणूस फार शहाणा वाटला, आणि पैलवान शहाणा होताच. तो ज्यासाठी आला होता तेच त्याने विकत घेतले होते. मापाडी दुसऱ्याच कशासाठी आला होता. पण पैलवानाचे पान पाहता पाहता ते त्याच्या लक्षात राहिले नाही. त्याने तीन पानांतले लाडू संपवले.

जेवणानंतर त्याला चालवेना. एका वडाखाली तो टेकला, आणि टेकला तो झोपला. बायकोने त्याला हलवून उठवले, तेव्हा सावल्या लांबू लागल्या होत्या.

"चला आता पाळण्याकडे," ती म्हणाली.

तेवढ्यात तिसरी घंटा झाली. तिसरी पंगत तळ्याकाठी होती, आणि तिथे बासुंदी होती.

"आधी बासुंदी. मग थेट पाळणा," मापाडी म्हणाला.

"अहो, आपण मामंजींसाठी आलो ना?"

"त्यांच्यासाठीच तर दोरे घेतले. आत्ताशी दोन पंगती झाल्यात. तिसरी चुकली तर पैसे पाण्यात जातील."

"ते गेलेच आहेत," बायको म्हणाली. ती चढ्या आवाजात बोलली नाही. "दारात दिलेत तेव्हाच गेलेत. आता तुम्ही खा नाहीतर उपाशी राहा, कारकून ते परत आणून देणार आहे का? दिवस तेवढा आपला उरलाय."

असे खरे बोलणे कानावर पडले की माणूस दोन गोष्टी करतो, थांबतो किंवा भरभर चालू लागतो. मापाडी तळ्याच्या दिशेने भरभर चालू लागला.

बासुंदी चांगली होती. त्याला ती गिळवत नव्हती, तरी त्याने वाट्या रिकाम्या केल्या. म्हाताऱ्याने वाटीला हात लावला नाही. तो कड्याच्या दिशेला तोंड करून बसला होता.

ते पाळण्याशी पोचले तेव्हा रांग उरलीच नव्हती. फिरवणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "बसा, शेवटचा फेरा आहे. पण वरून आता काही दिसायचं नाही हं."

बाप आणि लेक एका पाळण्यात बसले. पाळणा हलला, वर चढू लागला. कारंजी लहान झाली, झाडे लहान झाली, खाली उभी असलेली सून लहान झाली. पाळणा टोकाला गेला आणि क्षणभर थांबला. म्हातारा पुढे झुकला. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर आडवे धरले आणि बराच वेळ पाहिले.

"पांढरा आहे," तो म्हणाला. "हाच का रे समुद्र?"

मापाड्याने पाहिले. त्याचे डोळे चांगले होते, आणि त्यालाही तेच दिसत होते. दरी शिगोशीग धुक्याने भरली होती. 'हो' म्हटले असते तर म्हातारा समाधानाने खाली उतरला असता. पण अपुऱ्या मापाला भरलेले म्हणणे त्याला आजवर जमले नव्हते. तेव्हाही जमले नाही.

"नाही, बाबा. हे धुकं आहे. समुद्र त्याच्या खाली आहे."

म्हाताऱ्याने हात खाली घेतले. "बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. "मी गावभर सांगत सुटलो असतो समुद्र पांढरा असतो म्हणून. तेलीण हसली असती."

पाळणा खाली येऊ लागला. बागेत कुठेतरी चौथी घंटा झाली. मापाड्याने मान वळवली नाही.

पुढच्या पावसाळ्यात वैद्याचे म्हणणे खरे ठरले. पाऊस सरला, आकाश निवळले, बाग उघडली. मापाडी बापाचा हात धरून भल्या पहाटे दारात आला. कारकुनाने दोरा पुढे केला, पण मापाडी न थांबता थेट पाळण्याकडे गेला. रांगेत ते दोघे सर्वांत पुढे होते.

पाळणा टोकाला गेला. खाली समुद्र लखलखत होता. मापाडी पाहू लागला. म्हातारा समोर बसून ऐकू लागला.

"निळा आहे, बाबा," मापाडी म्हणाला. "मोठा आहे."

"मग?"

"लाटा आहेत."

"आणि?"

मापाडी आणखी शब्द शोधत राहिला. पाळणा खाली आला तरी त्याला ते सापडले नव्हते. म्हाताऱ्याने त्याच्या हातावर थोपटले आणि चाचपडत पायरी शोधली.

तात्पर्य : दिलेले पैसे वसूल करायच्या नादात, ज्यासाठी आलो तेच गमावून बसू नये.